समेची जागा

लखनौच्या कैसरबागेत एका मराठी माणसाने लिहिलेल्या ग्रंथांवरून गेली जवळजवळ शंभर वर्षे गाणे शिकवले जात आहे. परंतु ते ग्रंथ ज्या भाषेत लिहिले गेले, ती भाषा तिथे फारसे कुणी वाचत नाही. विष्णु नारायण भातखंडे यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ मराठीत लिहिली, ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा भागही मराठीतच सिद्ध केले. उत्तरेतल्या विद्यार्थ्यांच्या हाती मात्र ते आले हाथरसच्या संगीत कार्यालयाने काढलेल्या हिंदी अनुवादांच्या रूपाने. ‘भातखंडे संगीतशास्त्र’ म्हणून तिकडे जो ग्रंथ ओळखला जातो, तो मुळात गुरू आणि शिष्य यांचा एक प्रदीर्घ मराठी संवाद आहे, हे नव्या विद्यार्थ्याला सांगावे लागते.

असे का झाले, याला इतिहास आहे. १९१६ मध्ये बडोद्याला सुरू झालेल्या अखिल भारतीय संगीत परिषदांपैकी चौथी आणि पाचवी लखनौला भरल्या आणि त्यांतून १९२६ मध्ये मॅरिस कॉलेज उभे राहिले. नाव त्या वेळच्या गव्हर्नरचे, कल्पना भातखंडे यांची. १९२८ पासून त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी प्राचार्य म्हणून ती संस्था सांभाळली आणि त्यांच्यामागोमाग मराठी मुलुखातली व सीमाभागातली माणसे गोमतीकाठी येऊ लागली. बैलहोंगलचे कृष्ण गुंडोपंत गिंडे अकराव्या वर्षी रातंजनकरांच्या घरी राहायला गेले; वाईचे विष्णु गोविंद जोग यांनी तिथे व्हायोलिन शिकवले. १९६६ मध्ये संस्थेला भातखंडे यांचे नाव मिळाले, २००० मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा आला आणि २०२२ पासून ती भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय म्हणून ओळखली जाते. वाजिद अली शाहच्या ज्या परीखान्यात एकेकाळी नर्तकींची तालीम होई, तिथे आज क्रमिक पुस्तकातले पलटे घोटले जातात.

या परंपरेच्या शेपटाशी आलेले एक संगीतशिक्षक कैसरबागेपासून थोड्या अंतरावर राहतात. शिष्य त्यांना गुरुजी म्हणतात. बेळगावकडून विद्यार्थी म्हणून आले, रातंजनकरांच्या शिष्यांकडे शिकले, शहरातल्या एका शाळेत उभी हयात संगीत शिकवले आणि तिथेच स्थिरावले. घरात मराठी बोलली जाते, पण तिच्यात ‘अच्छा’ आणि ‘बिल्कुल’ यांची वस्ती दाट. बैठकीतल्या एका फळीवर मराठी पुस्तके आहेत; त्यांतली बरीचशी पुण्या-मुंबईहून व्ही.पी.ने मागवलेली. लखनौ हे पुस्तकांचे शहर खरे, पण ती उर्दूची, हिंदीची आणि इंग्रजीची पुस्तके. हजरतगंजातल्या मेफेअर इमारतीत राम अडवानी यांचे नामांकित दुकान होते. २०१६ मध्ये त्यांच्या निधनानंतर तेही मिटले, पण मराठी पुस्तकासाठी तिथे कुणी जात नसेच. मराठी वाचकाला इथे पुस्तक निवडता येत नाही. ते न पाहता मागवावे लागते आणि जे येईल त्याचे स्वागत करावे लागते.

या गृहस्थांच्या डोळ्यांना सत्तरीनंतर उतरती कळा लागली. मोतीबिंदू निघाला, पण दृष्टिपटलाच्या मध्यभागाची झीज थांबण्यासारखी नव्हती. अशा झिजेत माणूस आंधळा होत नाही. कडेचे दिसत राहते, नजर रोखावी तेवढेच नाहीसे होते. वाचणाऱ्याला याहून क्रूर व्यवस्था सांगता येणार नाही, कारण वाचणे म्हणजे नजर रोखणेच. ‘क्रमिक’चे भाग जुने होते, कागद तपकिरी पडून कडांना चुरा होऊ लागला होता. भिंगाखाली ओळ धरावी तर ‘रे’ दिसे, त्याच्याखालची रेघ दिसत नसे. आणि ती रेघ असली तर रिषभ कोमल, नसली तर शुद्ध.

चीजा त्यांना पाठ होत्या. तरीही अडचण होती. नात त्यांच्याकडे शिकत होती आणि एका अंतऱ्याच्या ओळीवर त्यांचे स्वतःशीच जमेना. कंठ एक सांगत होता आणि पुस्तकात काही वेगळे असावे असा संशय होता. ज्यांची सगळी विद्या ‘ग्रंथ काय म्हणतो ते आधी पाहा’ या शिस्तीवर उभी, त्यांना केवळ स्वतःच्या आठवणीच्या जोरावर पुढच्या पिढीला काही देणे अप्रामाणिकपणाचे वाटले. ई-बुक रीडर घ्यावा, हा विचार त्या घरात या निकडीतून आला.

निवड करताना पहिला प्रश्न पडतो तो असा, की मोबाइल असताना आणि टॅब्लेट असताना हे तिसरे यंत्र कशाला? त्याचे उत्तर पडद्याच्या घडणीत आहे. मोबाइलचा पडदा स्वतः उजेड फेकतो आणि त्या उजेडातून वाचावे लागते. ई-बुक रीडरचा पडदा कागदासारखा बाहेरचा उजेड परतवतो. त्यात केसाच्या जाडीएवढ्या अगणित कुप्या असतात; प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रव आणि त्यात पांढऱ्या व काळ्या रंगाचे, परस्परविरुद्ध विद्युत्‌भाराचे कण. विजेचा इशारा होताच पांढरे वर येतात किंवा काळे, आणि एकदा आले की तसेच राहतात. पान उलटताना तेवढी वीज खर्च होते. पान वाचताना ती लागत नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १९९७ मध्ये या शाईची कंपनी निघाली आणि २००४ मध्ये जपानात अशा पडद्याचे पहिले वाचनयंत्र बाजारात आले. किंडल आले ते २००७ मध्ये. लखनौच्या हिवाळ्यात, धुके फाटून दुपारी गच्चीवर ऊन उतरते तेव्हा सारे घर तिथे जाऊन बसते. त्या उन्हात मोबाइल काळा आरसा होतो आणि हे यंत्र मात्र अधिकच स्पष्ट दिसू लागते. (अलीकडच्या यंत्रांना समोरून दिवाही असतो, त्यामुळे वीज गेल्यावरही वाचन अडत नाही. उन्हाळ्यात हा गुण लहान नव्हे.)

मराठी वाचकाला या यंत्राचा उपयोग उशिरा झाला. किंडलवर मराठी पुस्तकांचे दालन २०१६ च्या डिसेंबरात, हिंदी, तमिळ, गुजराती आणि मलयाळम यांच्याबरोबर उघडले. उशीर होण्यामागे आपली स्वतःची एक अडचण होती. मराठी पुस्तके वर्षानुवर्षे श्रीलिपीसारख्या टंकांत जुळवली गेली. त्या टंकांची अक्षरे संगणकाच्या सर्वमान्य युनिकोड तक्त्याप्रमाणे नव्हती. कागदावर छापायला ती उत्तम होती. पण यंत्राच्या पोटात घालायची तर सबंध मजकुराचे रूपांतर करावे लागे आणि त्यात रफार हरवत, जोडाक्षरे फुटत. तेव्हा मराठी ई-पुस्तक घेताना नमुन्याची पाने आधी उघडून पाहावीत, एवढी सावधगिरी आजही शहाणपणाची आहे.

नातीने सहा इंची यंत्र आणले. वजन दोनशे ग्रॅमच्या आतबाहेर. एका हातात धरता येईल असे. तिने त्यावर आधी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ घातली. मूळ मराठी ग्रंथ १९१० ते १९३२ या काळात चार भागांत निघाला. भातखंडे यांच्या निधनाला, १९३६ ला, साठ वर्षे उलटून कितीतरी काळ लोटला असल्याने त्याच्यावर कुणाचा स्वामित्वहक्क उरलेला नाही. स्कॅन केलेल्या पानांवरून संगणकाकडून मजकूर वाचून घ्यायचा आणि तो यंत्रात भरायचा, एवढेच काम होते. संगणकाने चुका केल्या. ‘घ’चा ‘ध’ झाला, ‘भ’चा ‘म’ झाला, कुठे काना गळाला. पण त्या चुकांनी वाचन अडले नाही. गद्य हे असे सोशिक असते. अर्थ पुढून-मागून येऊन चुकलेल्या अक्षराला सावरून घेतो. अक्षर हवे तेवढे मोठे करावे, ओळीत चारच शब्द मावले तरी हरकत नाही, मजकूर आपोआप पुढच्या ओळीत वाहत जातो. नजरेच्या कडेने का होईना, गुरुजी पुन्हा वाचू लागले. शिष्य विचारतो, गुरू सांगतो, मध्येच विषयांतर होते, मध्येच एखाद्या खाँसाहेबांची गोष्ट निघते, आणि पुन्हा रागाकडे येणे होते. वकिली केलेल्या माणसाची ही मराठी मुद्देसूद आणि मिस्कील आहे. तिच्या अनुवादातून मुद्दे पोहोचले, मिस्कीलपणा पोहोचला नाही.

मग ‘क्रमिक’ची पाळी आली.

“आजोबा, बघा, अक्षर केवढे मोठे झाले!”

“अक्षर झाले गं मोठे. पण सम कुठे गेली?”

या प्रश्नात सारे आले. स्वरलिपीचे पान ज्याने नीट पाहिले नाही, त्याला हा प्रश्न वृद्धाचा हट्ट वाटेल. म्हणून ते पान कसे असते हे सांगायला हवे. त्रितालातल्या चीजेचे पान घेतले तर त्यावर चार-चार मात्रांचे चार स्तंभ उभे असतात. वरच्या ओळीत स्वर, त्याखाली नेमके त्या-त्या स्वराखाली चीजेचे बोल, आणि सर्वांत खाली तालाच्या खुणा: समेला फुली, खालीला शून्य, टाळ्यांना दोन आणि तीन. मुखडा बहुधा नवव्या मात्रेपासून, म्हणजे खालीपासून, उठतो. म्हणून डावीकडचा पहिला स्तंभ शून्याचा असतो आणि सम पानाच्या साधारण मध्यावर, तिसऱ्या स्तंभाच्या आरंभी येते. शिकणाऱ्याची नजर पानाच्या त्या ठिकाणी प्रत्येक आवर्तनात उतरते. स्थायीतही तिथेच, अंतऱ्यातही तिथेच. गाणाऱ्याला सम कानाने कळते हे खरे, पण नवशिक्या विद्यार्थ्याला ती आधी डोळ्याने कळते. बोलाचे एखादे अक्षर लांबले तर अवग्रह येतो, स्वर लांबला तर आडवी रेघ येते, आणि या खुणांचे काम जागा राखण्याचे असते. त्या पानावर मोकळी जागादेखील मात्रा मोजत असते.

आता अशा पानावर वाहत्या मजकुराचा नियम लावला की काय होते? सोळा मात्रांची ओळ सहा इंची पडद्यावर मोठ्या अक्षरात मावत नाही, म्हणून ती अकराव्या-बाराव्या मात्रेवर मोडते. उरलेले स्वर खालच्या ओळीत जातात. त्यानंतर बोलांची ओळ सुरू होते आणि तीही मोडते, पण दुसऱ्याच ठिकाणी, कारण बोलांची रुंदी स्वरांच्या रुंदीएवढी नसते. शेवटी तालाच्या खुणा एका कोपऱ्यात गोळा होतात. काहीही गळालेले नसते. सगळे स्वर आहेत, सगळे बोल आहेत, फुली आहे, शून्य आहे. फक्त कोण कुणाखाली उभे होते हे नाहीसे झालेले असते. गद्यात ओळ कुठे मोडावी हे छापणाऱ्याच्या सोयीवर सोडलेले असते. इथे ओळ मोडणे म्हणजे ताल मोडणे.

हे एकवेळ टेबल आखून सावरता येईल. त्याहून गंभीर गोष्ट संगणकाच्या वाचनात घडली. भातखंडे यांच्या लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते, तीव्र मध्यमावर उभी रेघ. मंद्र सप्तकाच्या स्वराखाली बिंदू, तार सप्तकाच्या स्वरावर बिंदू. संगणकाला देवनागरी वाचायला शिकवले आहे, पण ही चिन्हे शिकवलेली नाहीत. त्याने वरच्या बिंदूचा अनुस्वार केला, खालचा बिंदू कागदावरचा डाग समजून पुसला, आणि रेघा, त्या अक्षराच्या नव्हेत म्हणून, टाकून दिल्या. भैरवातले रिषभ आणि धैवत कोमल. त्यांच्या रेघा गेल्या आणि उरला बिलावल. यमनाच्या मध्यमावरची रेघ गेली; उरला बिलावल. मारव्याची कोमल रिषभाची आणि तीव्र मध्यमाची अशा दोन्ही गेल्या, पुन्हा बिलावल. काफी, आसावरी, भैरवी, पूर्वी, तोडी, सर्वांची तीच गत. भातखंडे यांनी बिलावलाचे सप्तक शुद्ध मानले आणि बाकीच्या स्वरांना खुणा दिल्या. खुणा पुसल्या की दहाही थाट त्या एका थाटात विलीन होणार हे त्या लिपीच्या रचनेतच आहे. गद्यातली चूक वाचकाला खटकते, पण इथली चूक खटकतच नाही. चुकलेला ‘रे’ हाही एक सभ्य, शुद्ध ‘रे’ असतो. त्याला पुढचा-मागचा स्वर सावरून घेत नाही. ज्याला राग आधी येतो त्यालाच ती चूक कळेल, आणि ज्याला राग येतो त्याला पुस्तकाची तेवढी गरज नसते.

नातीने एक संध्याकाळ खर्चून एक चीज हाताने टंकित करून पाहिली. संगणकाच्या देवनागरी तक्त्यात वेदपाठाच्या स्वरांसाठी अक्षराखालची आडवी आणि अक्षरावरची उभी अशा दोन्ही रेघा ठेवलेल्या आहेत. ऋग्वेदाच्या छापील संहितेत अनुदात्त आणि स्वरित दाखवतात त्याच या. त्या वापरून कोमल आणि तीव्र लिहिता आले. भातखंडे यांच्या खुणा आणि वैदिकांच्या खुणा दिसायला इतक्या सारख्या आहेत, की वेदांसाठी केलेली सोय ख्यालाच्या उपयोगी पडावी यात नवल नाही. पण मींडेची कमान, एका मात्रेतले स्वर जोडणारी खालची कमान, अक्षराच्या खांद्यावर बसणारा बारीक कणस्वर, यांना त्या तक्त्यात जागा नव्हती. एका चीजेला एक संध्याकाळ, आणि ‘क्रमिक’च्या सहा भागांत चीजा अठराशेंहून अधिक.

लखनौला हा पेच नवा नाही. मुन्शी नवलकिशोर यांनी १८५८ मध्ये या शहरात छापखाना काढला, तेव्हा त्यांच्यापुढे हाच प्रश्न होता. शिशाचा खिळा हा चौकोनात बसणाऱ्या अक्षरासाठी आहे. उर्दू-फारसीची नस्तालिक लिपी तर शब्दागणिक उजवीकडून डावीकडे उतरत जाते, तिचे अक्षर शेजाऱ्याच्या खांद्यावर वाकते. ती खिळ्यांत बसवली तर वाचता येते, पण वाचकाला ती आपली वाटत नाही. नवलकिशोर यांनी शिळाप्रेस धरली. कातिबाने आपल्या बोरूने पान लिहावे आणि ते जसेच्या तसे दगडावर उतरवून छापावे. अमीर हमजाच्या दास्तानीचे ४६ खंड या छापखान्याने काढले ते याच मार्गाने. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये पहिले पंचांग छापले तेही दगडावरच. पंचांग हेही स्तंभांचे पुस्तक, त्यातही जागा चुकली की तिथी चुकते. नस्तालिक लिपी संगणकावर समाधानकारक उतरायला १९८१ साल उजाडावे लागले. तोवर सव्वाशे वर्षे दगडाने तिला सांभाळले. लिपीला यंत्राच्या मापाचे करायचे की यंत्राने लिपीचे चित्र घ्यायचे, या प्रश्नाचे लखनौने एकदा दिलेले उत्तर चित्राच्या बाजूचे आहे.

गुरुजींनीही अखेर तेच उत्तर दिले. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याला ते पटले नव्हते. त्याचे म्हणणे असे, की एवढा खटाटोप कशाला, ध्वनिमुद्रण ऐकवावे आणि काम संपवावे. हा युक्तिवाद वजनदार आहे, आणि जुनाही आहे. भातखंडे चीजा गोळा करून छापू लागले तेव्हा अनेक खानदानी गवयांचा आक्षेप हाच होता: गाणे कागदावर येत नाही, कागदावर येतो तो त्याचा सांगाडा. त्यांचे खरेच होते. मींडेची कमान काढता येते, मींड काढता येत नाही. पण ज्या विद्येच्या पेट्यांना कुलपे होती, ती विद्या त्या सांगाड्याच्या रूपाने का होईना सामान्य घरातल्या मुलाच्या हाती पडली. एके काळी ज्या छापील पानावर गाण्याला गोठवल्याचा आरोप झाला, त्या पानाचा कैवार आता नव्या यंत्राविरुद्ध घ्यावा लागतो, यातली गंमत गुरुजींच्या नजरेतून सुटलेली नाही. ध्वनिमुद्रणात एका गवयाने एका दिवशी ती चीज कशी गायली ते मिळते. चीज काय आहे, हे पुस्तकात पाहावे लागते. दोन्ही लागतात, पण एका अंतऱ्याच्या ओळीचा निकाल लावायचा असेल तर पुस्तक उघडावे लागते.

म्हणून दुसरे यंत्र आले, दहा इंचांहून थोडे मोठे, लेखणीने वर लिहिता येईल असे. त्यात मजकूर नव्हे, पानांची छायाचित्रे घातली. इथेही थोडी कसब लागली. छापील पानाचे समास कापून टाकले, पान आडवे धरले, स्थायी एका पडद्यावर आणि अंतरा दुसऱ्यावर असे दोन तुकडे केले. मग त्रितालाचे चारही स्तंभ पडद्याच्या पूर्ण रुंदीवर पसरले. अक्षर पुस्तकातल्यापेक्षा बरेच मोठे झाले, आणि सम जिथल्या तिथे. नवे यंत्र घेणाऱ्याला बाजारात वजन, साठवण, बॅटरी अशा अनेक गोष्टी सांगितल्या जातात. कोणते पुस्तक वाचणार आहात, हे सहसा विचारले जात नाही. कादंबरी वाचणाऱ्याने मोठ्या पडद्यावर पैसे घालवणे व्यर्थ आहे. पंचांग, गणित, कोश, नकाशे किंवा स्वरलिपी वाचणाऱ्याला लहान पडदा फुकट मिळाला तरी महाग.

छायाचित्रात एक गोष्ट अनपेक्षित मिळाली. स्कॅन केलेली प्रत कुण्या ग्रंथालयाची होती. तिच्यावर शिक्के होते, आणि कुणा अज्ञात विद्यार्थ्याने पेन्सिलीने काही मात्रांवर बारीक टिंबे दिलेली होती. श्वास घ्यायच्या जागा असाव्यात. संगणकाने वाचलेल्या स्वच्छ मजकुरात ही टिंबे आली नसती. गुरुजींनी त्यांतल्या दोन जागा मान्य केल्या आणि एक चुकीची ठरवली. त्या विद्यार्थ्याला सांगण्याची काही सोय नव्हती.

अंतऱ्याच्या ओळीचाही निकाल लागला. पुस्तकात धैवतावर थांबून पंचमावर येणे होते. त्यांच्या कंठात निषादाला स्पर्श करून येणे बसले होते. गुरूने बदलले की स्वतःच्या गळ्याने, हे आता ठरवता येत नव्हते. त्यांनी पुस्तकातली ओळ आधी शिकवली आणि आपली नंतर, दोन्हींची नावे वेगळी सांगून. पडद्यावर त्या जागी लेखणीने काही लिहावे असे नातीने सुचवले, तेव्हा “तू लिही, तुझे अक्षर चांगले आहे” एवढेच म्हणाले.

एक ग्रंथ मात्र या दोन्ही यंत्रांत नाही. रातंजनकरांच्या स्वतःच्या रचना ‘अभिनव गीतमंजरी’च्या भागांत आहेत. ‘सुजान’ ही त्यांची मुद्रा. ते १९७४ मध्ये गेले, म्हणजे कायद्याप्रमाणे २०३४ सरेपर्यंत त्या रचनांवर हक्क आहेत. कुणीतरी फिरवलेली एक स्कॅन प्रत शिष्यांच्या मोबाइलवर आली होती. गुरुजींनी ती घेतली नाही. छापील भाग फळीवर आहेत, त्यांच्या कडा अजून शाबूत आहेत, आणि त्यांतले वाचायचे झाले की नात त्यांच्याजवळ बसून वाचते. हा नियम त्या घराबाहेर फारसा कुणी पाळत नसेल. ज्या गुरुपरंपरेने नाव दिले, तिच्याशी या बाबतीत तरी व्यवहार चोख असावा, असे त्यांचे मत दिसते.

लहान यंत्रावर ‘पद्धती’चा दुसरा भाग चालू आहे. संध्याकाळी डोळे थकले की तेही यंत्र नातीकडे जाते. तिची मराठी लखनौची आहे. ‘ळ’ तिला अजून नीट साधत नाही, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या मराठीतली लांब वाक्ये म्हणताना तिचा श्वास अर्ध्यात सरतो. शिष्याचे प्रश्न ती वाचते. गुरूची उत्तरे वाचायला लागण्याआधी पुष्कळदा आजोबाच बोलू लागतात, आणि ते पुस्तकातले सांगत आहेत की आपले, हे पाहण्यासाठी ती बोट ओळीवर ठेवून थांबते.